जुळलेले आकडे

१२ जानेवारी

दादा,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं दादा. तेही सवयीने.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, वाचल्याची खूण दिसते, उत्तर येत नाही. म्हणून कागद घेतला. फाडायचा म्हटलं तरी तुला तो हातात धरावा लागेल. वहिनी, तुम्ही त्याला वाचून दाखवत असाल तर तुमच्याबद्दल यात एक वाकडा शब्द नाही. तुमच्या नवऱ्याबद्दल बरेच आहेत, तेव्हा बसून वाचा.

आज तपासाच्या साहेबांनी तुझ्या जबाबाची नक्कल माझ्या हातात ठेवली. त्यांच्या टेबलासमोर उभ्याने वाचली. 'विमानातील जुन्या पद्धतीचे काट्यांचे मीटर माझ्या बहिणीने बसवले होते. त्यांनी चुकीचा वेग दाखवल्यामुळे उतरताना माझी फसगत झाली.' खाली तुझी ती शेपटीवाली सही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब म्हणाले, "बसा, पाणी घ्या." मी म्हटलं, "पाणी नको, पेन द्या." त्यांनी दिलं नाही. पॅनेल उघडून बघितल्यावरच माझा जबाब घेणार म्हणे. तोवर विमानाच्या पॅनेलला लाखेचं सील आणि माझ्या तोंडालाही.

तुझा पाय मोडला याचं मला वाईट वाटतं. विमान मैदानाच्या टोकाच्या चरात नाकावर उभं राहिलेलं दिसलं तेव्हा मी चपला टाकून धावले होते. तुझा पट्टा मीच कापला. तेव्हा तू काय म्हणाला होतास, आठव. "दोन्ही सारखंच सांगत होते गं." दोन्ही. माझे काटे आणि तुझी स्क्रीन. हे तू मला सांगितलंस, स्ट्रेचर उचलणाऱ्यांनी ऐकलं. मग जबाबात स्क्रीन कुठे गेली? ती काय डोळे मिटून बसली होती?

आणि या तीन ओळींनी माझं काय होणार ते तुला चांगलं माहीत आहे. मी गेज दुरुस्त करून पोट भरते. दवाखान्यातल्या ऑक्सिजनचे गेज, बॉयलरचे गेज. मी काटा तपासते, खाली सही करते, आणि त्या सहीवर विसंबून कुणीतरी नळ फिरवतं. साहेबांचं पत्र वर्कशॉपलाही गेलं. मालकाने मला माझ्या टेबलावरून उठवून गोदामात खोकी लावायला बसवलं. "अहवाल येईपर्यंत," म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला. अहवालात माझ्या मीटरवर ठपका आला तर माझी सही पुन्हा कोण घेणार? जिचे मीटर भावाला चरात घालतात, तिने ऑक्सिजनचं काय सांगावं?

जबाब मागे घे. बाकी आपण नंतर भांडू, आयुष्य पडलंय.

ठिणगी
(हे नाव तूच ठेवलंस. आता सोस.)


२० जानेवारी

दादा,

वहिनींचा निरोप मिळाला. "ते म्हणतात, औषधांच्या गुंगीत काय लिहिलं ते आठवत नाही, आता वाढवू नकोस." वा! गुंगीत माझं नाव बरोबर आठवलं, स्क्रीनचं तेवढं विसरलं. मोठं हुशार औषध आहे.

आठवत नसेल तर मी सांगते. आई गेल्यावर बाबांनी सुतारकामाची शेड रिकामी केली आणि दोन माणसांच्या विमानाचे नकाशे मागवले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आपल्या दोघांना तेव्हाच कळलं होतं. दारं-खिडक्या करायला मुलं शेडमध्ये येत नाहीत, विमान करायला येतील, एवढा साधा हिशोब होता. आणि आपण आलोही. तू नोकरीच्या गावाहून रात्रभर प्रवास करून यायचास आणि तोंडही न धुता शेडमध्ये शिरायचास. बाबा लाकूड तासायचे, तू इंजिन घेतलंस, मी तारा आणि नळ्या. वाऱ्यावर उडणाऱ्या कापसाला म्हणतात तसं विमानाला 'म्हातारी' म्हणायला लागलो. इतकं सुखाचं भांडण, इतकी सुखाची धूळ मी कधी पाहिली नव्हती.

मग पॅनेलची फळी आली आणि आपलं फाटलं.

तू म्हणालास, "एका स्क्रीनमध्ये सगळं येतं. वेग, उंची, इंजिनाची उष्णता, क्षितिजसुद्धा. ही घड्याळांची रांग कशाला?"

मी म्हटलं, "एक वायर सुटली की तुझं क्षितिज मावळतं. माझ्या काट्याला वीज लागत नाही."

"आकडा स्वच्छ दिसतो."

"आकडा वाचावा लागतो. काटा कुठे उभा आहे ते नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं."

तू मला संग्रहालयाची रखवालदार म्हणालास. मी तुला मोबाइलचा दुकानदार म्हटलं, आणि तू खरोखरच मोबाइलच्या पडद्यावरची बटणं रंगवून पगार घेतोस म्हणून तुला ते फार लागलं. मजा अशी की आपण दोघंही बरोबर होतो, म्हणून तर मिटत नव्हतं. तुझी स्क्रीन इंजिन तापतंय हे माझ्या काट्याच्या कितीतरी आधी ओरडून सांगायची. हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आत्ता करते. कारण मी खरं लिहायचं ठरवलं आहे आणि तूही तेच करावंस अशी अपेक्षा आहे.

शेवटी दोन्ही बसवलं. डावीकडे माझे मीटर, उजवीकडे तुझी स्क्रीन. स्क्रीन झाली तरी वेग कळायला तिलाही वाराच लागतो, पंखाखालच्या नळीत शिरणारा. माझी नळी डाव्या पंखाखाली, तुझी उजव्या. दोन वेगळ्या नळ्या हव्यात यासाठी मी किती डोकं खाल्लं होतं तुझं. एक बुजली तर दुसरी उरेल. अख्ख्या विमानात आपलं एकमत झालेली बहुधा तेवढी एकच गोष्ट.

आणि दोन नळ्या म्हटल्यावर दोघींत थोडा फरक येणारच. वारा काय दोन्ही पंखांखालून मोजून मापून जातो? पहिल्या उड्डाणात फरक, दुसऱ्यात फरक. तू उतरलास की टोपी काढायच्या आधी सुरू. "तुझा काटा मागे आहे." "तुझी स्क्रीन पुढे आहे." बाबा दोघांच्या मध्ये ताट घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "जेवताना वेगाचं नाव काढायचं नाही." दुसऱ्या उड्डाणानंतर तू म्हणालास, हे काटे उपटले नाहीत तर मी पुन्हा येणार नाही. मी म्हटलं, काटे गेले तर मीही शेडमध्ये पाऊल टाकणार नाही. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. आपण दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

तिसऱ्या वेळी बाबांनी गळ घातली म्हणून तू आलास, धावपट्टीवर वेग घेतलास आणि रेडिओवर ओरडलास, "आज दोन्ही जुळले!" मी मैदानात उड्या मारल्या. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग तू वर चढलास, फेरी मारलीस, खाली यायला लागलास, आणि खाली येताना दोन्हीकडे वेग कमी कमी होत गेला. म्हणून तू नाक खाली दाबलंस, इंजिन वाढवलंस. आम्हाला खालून दिसत होतं, तू वेड्यासारखा जोरात येतोयस. पंखांच्या तारांची शीळ मैदानभर ऐकू येत होती. तुझे कान कुठे होते? पण आकडे जुळलेले! दोघं एकच गोष्ट सांगत असतील तर माणूस कानाला विचारेल कशाला? अर्धी धावपट्टी मागे पडली तरी चाकं टेकली नाहीत, आणि मग चर.

मी कितीदा मनात मांडून बघितलं. दोन पंखांखालच्या दोन नळ्या एकाच वेळी, एकाच तऱ्हेने बिघडत नाहीत. पॅनेलच्या मागे कुणाचा तरी हात लागला आहे. माझा नाही. मग तुझा का? माझी नळी काढून गुपचूप तुझ्या नळीला जोडलीस का, म्हणजे माझा काटा एकदाचा तुझं ऐकेल? असं असेल तर सरळ सांग. आणि पॅनेल उघडतील त्या दिवशी समोर ये. बनवणारे दोघंही हजर हवेत असं साहेब म्हणतात.

बाबा म्हणतात, "जाऊ दे ना. तू समजूतदार आहेस, तूच पडतं घे." मी समजूतदार आहे हे मला आजच कळलं. आजवर या घरात माझ्या नाकावरच्या रागाचीच तारीफ व्हायची. वर म्हणतात, "त्याचं प्लास्टर सोमवारी काढतील, मग बघू." मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, सूनबाईने. बरं आहे. तू माझ्याशी बोलत नाहीस, बापाशीही बोलत नाहीस, बायकोला निरोप्या केलं आहेस.

ठिणगी


३ फेब्रुवारी

दादा,

तुझं संमतीपत्र साहेबांनी दाखवलं. 'माझ्या अनुपस्थितीत पॅनेल उघडण्यास हरकत नाही.' हरकत नाही! पाटी लिहावी तसं लिहिलंयस.

प्लास्टर निघालं, काठी घेऊन चालतोस, ऑफिसात जातोस, हे सगळं मला कळतं. गाडीत बसून इथे येणं तेवढं झेपत नाही. तुला भीती वाटते दादा, आणि कशाची ते मला आता स्पष्ट दिसतंय. मागे एकच नळी निघणार, त्यावर तुझ्या हातची गाठ असणार.

काल वर्कशॉपमध्ये माझ्या टेबलावर दुसऱ्या माणसाला बसवलं. चांगला आहे बिचारा. पण काच बसवताना काट्यावर श्वास सोडतो. मी गोदामाच्या दारातून ते बघत उभी होते. ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायचा मला आता हक्क नाही, हे तुझ्यामुळे.

बाबा हात जोडायचे तेवढे बाकी राहिलेत. "कशाला उघडायला लावतेस? लाकूड फुटलं, फुटलं. आपण दुसरं बांधू." मी म्हटलं, "बाबा, लाकडाचं कोण बोलतंय? माझं बोलतेय मी." ते उठून शेडमध्ये गेले आणि रंधा मारत बसले. कशावर, ते देव जाणे. शेडमध्ये आता काहीच नाही.

येऊ नकोस. नऊ तारखेला पॅनेल उघडतील, तेव्हा मी एकटी बघेन तुझी करामत.

ठिणगी


९ फेब्रुवारी

दादा,

तुझ्यावर घेतलेला नळीचा आळ मी परत घेते. एवढं आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं लिहिताना राहून जाईल. ती नळी तू जोडली नाहीस.

सकाळी साहेब आले, सोबत फोटो काढणारा. मी होते, बाबा होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला वाटलं, साहेबांसाठी. सील तोडलं, स्क्रू काढले, पॅनेलची फळी पुढे ओढली. माझी नळी काळी, कडक. तुझी निळी, तशीच कडक. दोन्ही आपापल्या पंखाकडून येतात, पण तुझी स्क्रीनजवळ तोडून, गोळा करून, चिकटपट्टीने बाजूला बांधलेली. आणि माझ्या नळीला मध्येच एक तीन तोंडांचा जोड, अन् त्यातून तुझ्या स्क्रीनकडे जाणारी तिसरीच नळी. पारदर्शक, मऊ, जुनी होऊन पिवळी पडलेली.

ती इंजिनाच्या भिंतीजवळून वळवली होती. भिंत तापली की मऊ नळी वळणावर दुमडते. तशीच ती दुमडली, जोड स्वतःच्या अंगावर ओढून घेतला, माझी नळीही जोडापाशी वाकून चेपली गेली. वरची हवा आत कोंडली. त्यानंतर दोन्ही मीटर वेग सांगतच नव्हते, दादा. कोंडलेली हवा तेवढीच, बाहेरची हवा खाली येताना जड होत जाते, म्हणून तू जितका खाली येत होतास तितका काटा खाली येत होता. दोघंही एकाच नळीचं ऐकत होते. जुळणार नाहीत तर काय करतील?

साहेबांनी पेन्सिलीने ती पिवळी नळी उचलून धरली. "ही कुणाची?"

मी म्हटलं, "माझी नाही."

"तुमच्या भावाची?"

"त्याचीही नाही."

"मग?"

ती नळी मी जन्मापासून बघते आहे. तूही. बाबा चौकटी बसवायला जायचे तेव्हा खांद्यावर वेटोळं करून न्यायचे ती लेव्हलची नळी. पाणी भरायचं, एक टोक या भिंतीला, एक त्या भिंतीला, दोन्हीकडे पाणी एका रेषेत आलं की खूण करायची. एक टोक तू धरायचास, दुसरं मी. 'हललं की मार खाल' म्हणायचे. तिच्यावर बाबांनी कधीतरी लाल रंगाचे पट्टे मारले होते, ते अजून होते.

मी बाबांकडे बघितलं. साहेब माझ्याकडे बघत होते. फोटोवाला त्या नळीकडे. आणि बाबा जमिनीकडे, मिठाची गुळणी धरून.

मी थांबले. किती वेळ थांबले सांगता येत नाही, पण त्यांना बोलायला पुरेल इतकी नक्की थांबले. साहेब म्हणाले, "मीटर तुम्ही बसवले असं भावाच्या जबाबात आहे. मग जोडही तुमचाच धरायचा का?" बाबांनी हे ऐकलं. ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

तेव्हा मी म्हटलं, "ही नळी माझ्या वडिलांची आहे. जोड त्यांनीच केला असणार. विचारा त्यांना."

साहेबांनी विचारलं. बाबा 'हो' म्हणाले. पण म्हणताना साहेबांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. आणि नंतर मला हळूच काय म्हणाले माहीत आहे? "मला वाटलं नव्हतं, तू सांगशील."

मी अजून त्याच वाक्यावर अडकले आहे.

ठिणगी


१५ फेब्रुवारी

दादा,

शेवटी तू फोन केलास. आवाज ऐकून क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तू तोंड उघडलंस.

"बाबांचं वय तरी बघायचंस. चारचौघांत त्यांना असं उघडं पाडलंस?"

मी विचारलं, तुला आश्चर्य कसं वाटलं नाही? जोड कुणी केला हे ऐकून तू 'काय?' असंसुद्धा म्हणाला नाहीस. तेव्हा तू सगळं सांगून टाकलंस. आणि मग मला जे कळलं त्यानंतर मी फोन ठेवून दिला. ते पुन्हा एकदा तुझ्या डोळ्यांसमोर यावं म्हणून इथे लिहिते.

बाबांनी तुला दवाखान्यातच सांगितलं होतं. पायावर ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. रडले म्हणे. आणि तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं. चौकशी बाबांना झेपणार नाही. तुझी स्क्रीन तू स्वतः आग्रहाने घेतलेली, तिचं नाव घेतलं तर तिच्या नळीवरून शोध बाबांपर्यंत जाईल. मग उरलं कोण? काटे. म्हणजे मी. "तुझ्यावर चार दिवस आलं असतं, निवळलं असतं. तू आरडाओरडा करतेस आणि विसरतेस." हे तुझे शब्द. गुंगीतले नव्हेत, आजचे.

म्हणजे वहिनींकडून निरोप, ते न उचललेले फोन, तो अबोला, सगळं नाटक. बापाशी तू रोज बोलत होतास. मी इथे बाबांना समजावत होते, दादाचा राग धरू नका, येईल तो. ते मान हलवत होते! माझ्या हातचं जेवत होते आणि मान हलवत होते!

मग त्यांना विचारलं. ओरडले नाही. मला वाटलं होतं ओरडेन. "नळी का जोडलीत?"

म्हणाले, "तुम्ही दोघं परत एका टेबलाशी बसावं म्हणून. दोन्हीकडे सारखं दिसलं असतं तर भांडायला काय उरलं असतं?"

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"आणि साहेबांसमोर गप्प का बसलात?"

म्हणाले, "तो रागावला तर येणार नाही. तू रागावलीस तरी इथेच असतेस."

वाच दादा, परत वाच. नळी जोडली ती माया होती, मला कळतं. मूर्खपणाची, जीवघेणी, पण माया. तुझा जीव जाता जाता राहिला, आणि त्या अपराधाने ते झोपत नाहीत, हेही मी बघते. पण हे दुसरं? इथेच असतेस म्हणून? जी घरात राहिली, जिने आईचं केलं, तुमचं केलं, तिच्या माथ्यावर खापर फोडायचं, कारण ती कुठे जात नाही? मी माणूस आहे की जमिनीत रोवलेला खांब?

मला तुमच्या दोघांचा इतका राग आला आहे की तो कुठे ठेवू ते समजत नाही.

साहेबांचा अहवाल तयार झाला. नळीचा दोष माझा नाही असं त्यात आलं. पण तुझा जबाब कागदांत तसाच आहे, आणि मालक म्हणतो, 'भाऊच असं म्हणतो तर मी काय समजायचं?' तो जबाब मागे घे. बाबांसाठी नको, माझ्यासाठी घे. आयुष्यात एकदा.


१० मार्च

दादा,

तुझ्या नव्या जबाबाची नक्कल पोचली. 'पूर्वीच्या जबाबात नजरचुकीने बहिणीचा उल्लेख झाला.' नजरचुकीने! बहीण म्हणजे काय स्वल्पविराम आहे, चुकून पडायला? पण काम झालं. मालकाने मला टेबल परत दिलं. पहिल्या दिवशी मी एकच गेज तपासला, सही केली आणि त्या सहीकडे बघत बसले. मालक म्हणाला, "एवढं काय बघतेस?" मी म्हटलं, "बरोबर आली आहे का बघते."

मी घर सोडलं आहे. वर्कशॉपच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. बाबांना सांगून निघाले. त्यांच्या गोळ्या कुठल्या, सकाळची कोणती, संध्याकाळची कोणती, ते डब्यांवर लिहून ठेवलंय. ते आता तू बघायचं. वहिनींनी नव्हे, तू. गुडघा दुखला की ते सांगत नाहीत, जिना टाळतात, त्यावरून ओळखायचं. शेजारचे बघतील असं म्हणू नकोस. शेजाऱ्यांनी त्यांना वाचवायला माझं नाव पुढे केलं नव्हतं.

तू फोनवर म्हणालास, "रागाने घर सोडू नये." मग कशाने सोडतात? आनंदाने? तू नोकरीसाठी गेलास तेव्हा बाबांनी तुझी बॅग उचलली होती. माझी मी उचलली. तुला ते चालतं आणि माझं मात्र घर मोडणं होतं, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगावं.

काल बाबा आले. तीन मजले चढून, हत्यारांची पिशवी घेऊन. मी दार उघडलं, ते नेहमीसारखं खाली घासून करकरलं. इथे आल्यापासून मला ते दोन्ही हातांनी ओढावं लागतं आणि लावताना आपटावं लागतं. बाबांनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे नाही. पिशवी खाली ठेवली, बिजागऱ्या सोडल्या, दार आडवं केलं आणि रंधा काढला. मला विचारलं नाही. दादा, परत विचारलं नाही! मी म्हणणार होते, राहू द्या, माझं दार आहे. पण ते गुडघ्यावर बसले होते आणि तो दुखरा गुडघा होता, ते मला दिसत होतं. मी उभी राहून बघत राहिले. लाकडाची सालपटं खोलीभर झाली.

दार परत चढवल्यावर म्हणाले, "चुकलो."

मी म्हटलं, "हे तिथे म्हणायचं होतं. साहेबांसमोर."

"तिथे तुझ्याकडे बघायची छाती झाली नाही."

"आणि आता?"

त्यांनी बघितलं. मी 'माफ केलं' म्हणाले नाही. 'आत या' म्हणाले नाही, पाणीही विचारलं नाही. त्यांनी सालपटं गोळा केली, पिशवीत भरली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. मी वरून खालपर्यंत बघितलं. हाक मारली असती तर थांबले असते. मला हाक मारायची होती, दादा, आणि मला ती मारायची नव्हती, दोन्ही अगदी सारखंच होतं.

मग मी आत आले आणि अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून दार आपटलं. ते बिनआवाज येऊन चौकटीत बसलं. इतकं सुरेख केलंय त्यांनी, की आता मला ते आपटताही येत नाही.

ठिणगी